ट्रोपोनिन ४१, तासाभराने ४२: एका छातीदुखीचं प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांचे, ऊसशेती करणारे. रक्तदाबाचं दुखणं सात-आठ वर्षांचं, पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या दिवाळीपासून बंद. मधुमेह नाही, तंबाखू आहे. शेताला रात्रीची लाईट होती, म्हणून पहाटे साडेतीनला मोटार चालू करायला गेले आणि तिथेच छातीत कळ आली. घरच्यांनी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, आमच्या कॅज्युअल्टीत, ते सात वाजून पाच मिनिटांनी पोचले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम ठेवला आहे.

सोबतच्या चिठ्ठीत मोजका मजकूर होता. ईसीजीत एसटी डिप्रेशन, म्हणजे आलेखातला एसटी हा भाग नेहमीपेक्षा खाली. ट्रॉप-आय, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन-आय हे प्रथिन, पॉझिटिव्ह. ॲस्पिरिन ३०० आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, ही गुठळी रोखणारी औषधं, दिली. बीपी १५०/९०. निदान हार्ट अटॅक, एनस्टेमी प्रकारातला, म्हणजे एसटी न उंचावलेला. पोचल्यावर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू करून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं.

अशी चिठ्ठी आली की कॅज्युअल्टीत सगळे एका रुळावर पळायला लागतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असतं. पन्नाशीतला तंबाखू खाणारा माणूस, पहाटेची छातीदुखी, बदललेला ईसीजी: यात सर्वांत संभाव्य निदान हार्ट अटॅकच. तालुक्याच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिलं यात काहीही वावगं नव्हतं. माझा आक्षेप चिठ्ठीतल्या "ट्रॉप-आय पॉझिटिव्ह" या दोन शब्दांना आहे. त्यामागे आकडा होता, पण तो चिठ्ठीत उतरलाच नाही.

खाटेशी

ईसीजी काढेपर्यंत मी विचारलं, "काका, कळ हळूहळू वाढत गेली की एकदम आली?"

"एकदम. स्टार्टरवर हात हुता, आन् आतून कायतरी फाटल्यागत झालं."

"आत्ता कुठे दुखतंय?"

"पयलं हितं पुढं हुतं. मग पाठीत गेलं. आता कमरंकडं उतरलंय."

अटॅकची कळ बहुधा दाबल्यासारखी असते आणि मिनिटा-मिनिटाने चढते. इथे ती पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र होती, फाटल्यासारखी होती आणि जागा बदलत खाली सरकत होती. महाधमनीच्या आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं, त्या आजाराचं, म्हणजे ऑर्टिक डिसेक्शनचं, हे नेहमीचं वर्णन आहे. प्रत्येक रुग्ण इतकं नेमकं सांगत नाही. यांनी सांगितलं.

ईसीजी सात वाजून दहा मिनिटांनी हातात आला. छातीत दुखणारा माणूस आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायलाच हवा, आणि त्यात एसटी उंचावलेला असेल तर रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. इथे एसटी उंचावलेला नव्हता. डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा होत्या आणि बाजूच्या लीड्समध्ये एसटी खाली गेलेला होता. हा बदल आजचा की जुना? मुलगा म्हणाला, "मागं शिबिरात एक पट्टी काढली होती, तिचा फोटो आहे मोबाईलमध्ये." दोन वर्षांपूर्वीची, थोडी तिरकी काढलेली पट्टी. तिच्यातही त्याच लीड्समध्ये एसटी तसाच खाली होता. चिठ्ठीतला एक आधार तिथेच सैल झाला.

मग बीपी. अँब्युलन्समधून येताना उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून सगळ्यांनी डाव्या हाताचं बीपी घेतलं होतं. आमच्या सिस्टरांनीही आधी तिथेच घेतलं: १५२/८८. सलाईन बंद करून उजव्या हाताला पट्टा बांधला तेव्हा आकडा आला १९८/११०. डाव्या मनगटाची नाडीही उजवीपेक्षा दबलेली लागत होती. म्हणजे खरं बीपी दोनशेच्या घरात होतं आणि डाव्या हाताला रक्तच कमी पोचत होतं. दोन हातांत वीसहून अधिक फरक असला की कान टवकारायचे असतात. इथे तो ४६ होता.

डिसेक्शनची शक्यता मोजायची एक सोपी गुणपद्धत आहे. तीन गट: आधीपासूनची जोखीम (मार्फान सिंड्रोम हा ऊती कमकुवत करणारा जन्मजात आजार, घराण्यात महाधमनीचा आजार, आधी माहीत असलेला फुगा किंवा झडपेचा दोष), कळेचं स्वरूप, आणि तपासणीत सापडलेल्या गोष्टी. ज्या गटात काही सापडेल त्याला एक गुण. यांचे दोन गुण झाले. दोन किंवा तीन गुण असतील तर थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन महाधमनीचं सीटी स्कॅन, करायची. आम्ही सीटीला फोन केला.

४१ या आकड्याचं करायचं काय

पहिलं रक्त सव्वासातला गेलं होतं, उजव्या हाताचं बीपी कळायच्या आधीच. आठच्या सुमारास रिपोर्ट आले. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन-टी ४१ नॅनोग्रॅम प्रति लिटर, सामान्य मर्यादा १४. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.३, म्हणजे वाढलेलं. हिमोग्लोबिन ठीक.

हृदयरोगतज्ज्ञ फोनवर होते. त्यांच्यासमोर तेव्हा चिठ्ठीचा फोटो आणि हा आकडा इतकंच होतं. ते म्हणाले, "ट्रॉप वाढलेलं आहे, ईसीजीत बदल आहेत, हेपॅरिन सुरू करा, मी येतोच." कळेचं वर्णन, जुनी पट्टी आणि दोन हातांचं बीपी सांगितल्यावर त्यांनीच लगेच म्हटलं, "हेपॅरिनला हात लावू नका, सीटी करा." तज्ज्ञ तेच आणि ४१ हा आकडाही तोच. भोवतीची माहिती बदलली तशी दिशा बदलली.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतल्या आकुंचन पावणाऱ्या तंतूंमधलं प्रथिन. त्याचे आय आणि टी हे प्रकार हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून रक्तात ते सापडले की स्नायूपेशींना इजा झाली आहे एवढं खात्रीने म्हणता येतं. इजा कशाने झाली हे मात्र ते सांगत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी, फुफ्फुसातली गुठळी, हृदयाच्या स्नायूचा दाह, जंतुसंसर्गाचा शॉक, दीर्घकाळ चढलेलं बीपी, थकलेली किडनी: सगळ्यांत ट्रोपोनिन वाढतं. आजच्या हाय-सेन्सिटिव्हिटी चाचण्या इतक्या बारीक आहेत की निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही त्यांना थोडं ट्रोपोनिन सापडतं. १४ ही मर्यादा निरोगी लोकांच्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना सामावून घेणारी रेघ आहे. तिच्या वरचा प्रत्येक माणूस अटॅकचा नसतो.

म्हणूनच २०१८ साली ठरलेल्या हार्ट अटॅकच्या जागतिक व्याख्येत नुसता वाढलेला आकडा पुरत नाही. आकडा चढता किंवा उतरता दिसला पाहिजे, आणि हृदयाला रक्त कमी पडल्याचा दुसरा पुरावाही पाहिजे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शून्य आणि एक तासाची पद्धत याच चढउतारावर उभी आहे. आमच्याकडच्या ट्रोपोनिन-टी चाचणीसाठी तिचे आकडे असे: पहिलाच आकडा ५२ किंवा अधिक असेल, किंवा तासाभरात ५ ची वाढ झाली, तर अटॅकची शक्यता भक्कम. पहिला १२ च्या खाली आणि तासाभरातला फरक ३ पेक्षा कमी, तर अटॅक बाजूला ठेवता येतो. मधले सगळे निरीक्षणाच्या कप्प्यात. ट्रोपोनिन-आय करणाऱ्या मशीनचे आकडे वेगळे असतात, आणि त्यातही कंपनीगणिक फरक पडतो.

आमचं दुसरं सॅम्पल सव्वाआठला निघालं. आकडा आला ४२.

नियमाप्रमाणे हे निरीक्षणाच्या कप्प्यातलं उत्तर. तीन तासांनी पुन्हा सॅम्पल घ्यायचं. पण या कप्प्याकडे नुसतं वाट बघण्याची जागा म्हणून पाहिलं तर घात होतो. तिथे येणाऱ्यांत थकलेल्या किडनीचे, जाड झालेल्या हृदयाचे, आणि ज्यांचं खरं दुखणं हृदयाबाहेर आहे असे बरेच असतात. कळ साडेतीनची, पहिलं सॅम्पल सव्वासातचं, म्हणजे मध्ये पावणेचार तास गेलेले आणि कळ सुरूच. गुठळीने रक्तवाहिनी अडून इतका वेळ इतकी कळ राहिली असती, तर आकडा बहुधा शेकड्यांत असता आणि तासाभरात नक्की हलला असता. ४१ आणि ४२ मधला फरक तर मशीनच्या स्वतःच्या डुलण्याइतकाच. हा आकडा त्या पहाटेचा नव्हता. जाड हृदय आणि २.३ क्रिएटिनिनची किडनी यांचा तो रोजचा आकडा असावा, कुणी कधी मोजला नव्हता इतकंच.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. सपाट ट्रोपोनिनवरून डिसेक्शन सिद्ध होत नाही, आणि चढत्या ट्रोपोनिनने ते नाकारलंही जात नाही. चीर महाधमनीच्या मुळाशी जाऊन हृदयाच्या, बहुधा उजव्या, रक्तवाहिनीचं तोंड दाबते तेव्हा खराखुरा अटॅक येतो. ईसीजीत एसटी उंचावतो, ट्रोपोनिन हजारांत जातं, आणि मूळ आजार तरीही महाधमनीचाच असतो. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर ते जिवावर बेततं.

०.०६ ते ४१

दरम्यान मुलगा तालुक्याचा रिपोर्ट आणि आमचा रिपोर्ट शेजारी धरून आला. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. "मॅडम, तिथं ०.०६ होतं, इथं ४१ आलंय. अडीच तासांत जवळजवळ सातशे पट वाढलं?"

त्याचा भागाकार बरोबर होता. पण तालुक्याचं मशीन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजत होतं, आमचं प्रति लिटरमध्ये. ०.०६ ला हजाराने गुणलं की ६० होतात. शिवाय तिथे ट्रोपोनिन-आय होतं, इथे ट्रोपोनिन-टी. मी त्याला म्हटलं, एक काटा किलोत आहे, दुसरा ग्रॅममध्ये, आणि एकावर ज्वारी ठेवलीय, दुसऱ्यावर गहू. तुलना करायची ती एकाच मशीनच्या दोन आकड्यांची.

हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागली, आणि ती घालवायलाच हवीत असं मला वाटतं. घरचे लोक आता प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून नात्यातल्या डॉक्टरला पाठवतात. तिकडून "सातशे पट वाढलंय, अजून अँजिओग्राफी का नाही?" असा फोन आला की कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टर डगमगतो. आणि हा गोंधळ नातेवाइकांपुरता नाही. ०.०६ आणि ४१ यांची तुलना करून डॉक्टरांनीही निर्णय घेतलेले मी पाहिले आहेत.

डी-डायमर

निळ्या झाकणाची ट्यूब पहिल्या रक्तासोबतच गेली होती. तेव्हा हातात फक्त कळेचं वर्णन होतं, म्हणजे गुण एकच, आणि एका गुणाला डी-डायमर करणं योग्य होतं. गुठळी विरघळताना जे तुकडे रक्तात उरतात ते ही चाचणी मोजते. महाधमनीच्या थरांमध्ये रक्त शिरलं की तिथे गोठणं आणि विरघळणं जोरात सुरू होतं, म्हणून डिसेक्शनमध्ये ती बहुतेक वेळा खूप वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडव्हाइज्ड या अभ्यासात १८५० रुग्ण होते. गुण शून्य किंवा एक आणि डी-डायमर ५०० च्या खाली, अशा रुग्णांत महाधमनीचा गंभीर आजार निसटण्याचं प्रमाण ०.३ टक्के निघालं.

या चाचणीचा उपयोग नाकारण्यासाठी आहे. वाढलेलं डी-डायमर गरोदरपणात, न्यूमोनियात, कॅन्सरमध्ये, शस्त्रक्रियेनंतर, नुसत्या वयानेही दिसतं. फुफ्फुसातल्या गुठळीचा विचार करताना पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दहापट धरतात ती म्हणूनच. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाचं डी-डायमर केलं तर सीटीची रांग दाराबाहेर जाईल आणि खरा रुग्ण त्या रांगेत मागे राहील.

आणि दोन गुण झाल्यावर? मग कमी आलेलं डी-डायमरही ऐकायचं नाही. चीर छोटी असेल, किंवा भिंतीतलं रक्त गोठून बसलं असेल, तर ते कमी येऊ शकतं. आमच्या रुग्णाचा रिपोर्ट ८,९०० आला. तेव्हा ते सीटीच्या टेबलावर होते आणि तो आकडा काही ठरवणार नव्हता. याही चाचणीत एककांचा घोळ आहे: एफईयू पद्धतीतले ५०० म्हणजे डीडीयू पद्धतीतले साधारण २५०. रिपोर्टवर ही तीन अक्षरं बघितल्याशिवाय आकडा वाचू नये.

हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी २,१०० आलं. किडनी थकलेली आणि हृदय जाड असताना ते वाढणारच, त्याने काही उलगडलं नाही. सीपीके-एमबी ही हृदयाच्या इजेची जुनी चाचणी आम्ही पाठवलीच नाही. हार्ट अटॅक रक्तातून ओळखण्याची वाट १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एसजीओटी या रक्तचाचणीने सुरू झाली, मग सीपीके-एमबी आलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन-टीची चाचणी आणली. आज हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन हाताशी असताना पॅकेजमध्ये सीपीके-एमबी जोडून बिल वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

सीटी आणि पुढे

खरी अडचण क्रिएटिनिनची होती. २.३ पाहून सीटीच्या तंत्रज्ञाने फॉर्म परत पाठवला, आणि नियमाला धरून त्याचं बरोबरच होतं: कॉन्ट्रास्टने, म्हणजे सीटीसाठी दिलेल्या रंगद्रव्याने, किडनीवर ताण येऊ शकतो. रेडिओलॉजिस्टशी बोलून, मुलाला डायलिसिसची शक्यता स्पष्ट सांगून, सही घेऊन साडेआठला आम्ही सीटी केलं. हृदयातून निघणाऱ्या भागातलं डिसेक्शन उपचारांविना राहिलं तर सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के मृत्यू, असा जुना हिशेब आहे. किडनीसाठी थांबण्याची मुभा त्यात नाही.

चीर महाधमनीच्या चढत्या भागात होती. तिथून कमानीतून डाव्या हाताच्या रक्तवाहिनीच्या तोंडापर्यंत आणि पुढे पोटाच्या दिशेने थर सुटलेले. टूडी एकोत हृदयाभोवती थोडं पाणी. स्टॅनफर्ड पद्धतीतला ए प्रकार, म्हणजे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही.

कळ थांबवायला फेंटॅनिल आणि नाडी-बीपी उतरवायला एस्मोलॉलची ड्रिप. नाडी साठच्या आसपास, वरचं बीपी १०० ते १२०, आणि मोजायचं उजव्याच हातावर, कारण जास्त येणारा आकडा खरा. डाव्या हातावर मोजत राहिलो असतो तर बीपी आटोक्यात आलं असं समजून औषध लवकर कमी केलं असतं. काकांना कार्डिॲक अँब्युलन्सने पुण्याला पाठवलं.

तिथल्या सर्जननी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न क्लोपिडोग्रेलचा होता. त्याचा परिणाम उतरायला पाच दिवस लागतात आणि इतका वेळ नव्हता. प्लेटलेट्सची तयारी ठेवून त्याच दिवशी चढता भाग बदलून कृत्रिम नळी बसवली. रक्तस्राव बराच झाला, छाती दुसऱ्यांदा उघडावी लागली, मग काही वेळा डायलिसिस. हेपॅरिनही गेलं असतं तर ते पुण्यापर्यंत पोचले असते का, याचं ठाम उत्तर कुणी देऊ शकणार नाही. साधारण तीन आठवड्यांनी ते घरी गेले. क्रिएटिनिन आता २.६ वर स्थिर आहे.

युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लवकर अँजिओग्राफी होणार असेल आणि रक्तवाहिन्यांची स्थिती माहीत नसेल, तर एनस्टेमीत क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं औषध सरसकट आधीच देऊ नये. आपल्याकडे तालुक्यातून निघालेला रुग्ण अँजिओग्राफी होते त्या कॅथ लॅबपर्यंत कधी पोचेल याची खात्री नसते, म्हणून लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, देण्याची सवय पडली आहे. ती सवय मला कळते. पण निदान एका धूसर आकड्यावर उभं असेल आणि कळ पाठीत जात असेल, तर ॲस्पिरिनवर थांबून फोन करावा.

त्यानंतर आम्ही आसपासच्या दवाखान्यांना एक छापील चिठ्ठी पाठवली. ट्रोपोनिनच्या रकान्यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहायला जागाच ठेवली नाही. आय की टी, आकडा, एकक, आणि रक्त काढल्याची वेळ. रिपोर्टची वेळ चालत नाही, कारण तासाभराचा फरक सुई टोचल्यापासून मोजायचा असतो. जिथे नुसतं हो-नाही सांगणारं ट्रोपोनिनचं कार्ड वापरतात तिथे कळ सुरू झाल्याची वेळ ठळक लिहायची, कारण पहिल्या दोन-तीन तासांतलं निगेटिव्ह कार्ड अटॅक नाकारायला पुरेसं नसतं. "ट्रॉप निगेटिव्ह, गॅस असेल" म्हणून घरी पाठवलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. शेवटचा रकाना दोन हातांच्या बीपीचा. सुरुवातीला तो रिकामाच यायचा. आता निम्म्याअधिक चिठ्ठ्यांत भरलेला असतो, आणि तालुक्याच्या ज्या डॉक्टरांनी या रुग्णाला पाठवलं होतं त्यांच्या चिठ्ठीत तो कधी रिकामा नसतो.

पुण्याहून परतल्यावर घरच्यांशी सविस्तर बोलणं झालं तेव्हा कळलं की काकांचे थोरले भाऊ पंचेचाळिशीत अचानक वारले होते. घरात सगळे "अटॅकने गेले" असंच म्हणतात. शवविच्छेदन झालं नव्हतं. अशा घरात रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांची महाधमनी तपासायची असते. मुलगा ३१ वर्षांचा. त्याच्या एकोत महाधमनी फुगलेली नाही, पण बीपी दोन वेगवेगळ्या भेटींत, दोन्ही हातांवर, १४८/९६ च्या आसपास निघालं. त्याला गोळी सुरू केली आहे, आणि धाकट्या बहिणीचा एको पुढच्या महिन्यात आहे.